घरचा आहेर द्यायचाय? मग रीतसर द्या: आपल्याच पक्षाच्या सरकारला पाळतीबद्दल जाब कसा विचारायचा

मला जे फोन येतात त्यांचा क्रम ठरलेला असतो. आधी रात्री पावणेबाराला फेसबुकवर तावातावाने पोस्ट, सकाळी जिल्हाध्यक्षाचा फोन, संध्याकाळी कारणे दाखवा नोटीस, आणि मग मला फोन, "दादा आता काय करू". आता काय करणार, जे पहिलं करायचं ते शेवटी केलं आणि जे शेवटी करायचं ते पहिलं. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय. हे सत्ताधारी पक्षात असलेल्यांसाठी आहे, पक्ष कुठला का असेना, केंद्रातला असो की राज्यातला, कारण कायदा तोच आणि उत्तरंही बहुतेक तीच मिळतात. पाळत चांगली की वाईट यावर इथे काही नाही, ते तुम्ही ठरवलेलं आहे असं धरून चालतो.

१. तक्रार नेमकी कशाची, ते एका वाक्यात लिहा

"सरकार सगळ्यांवर पाळत ठेवतंय" ही तक्रार नाही झाली, हा वैताग झाला. पाळत म्हणजे निदान चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही ठिकाणी प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

फोनवरचं बोलणं आणि मेसेज ऐकणं-वाचणं, म्हणजे साध्या भाषेत टॅपिंग. हे पूर्वी १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ५(२) खाली चालायचं, आता दूरसंचार कायदा २०२३ चं कलम २०(२) आणि डिसेंबर २०२४ चे नियम लागू आहेत. अजूनही लोक भाषणात जुनं कलम ठोकतात आणि समोरचा वकील असला की तिथेच संपतं.

दुसरं, कॉम्प्युटर, ईमेल, साठवलेला डेटा. इथे आयटी कायद्याचं कलम ६९ येतं. यात एक फरक आहे जो बैठकीत उपयोगी पडतो. टॅपिंगसाठी आधी 'सार्वजनिक आणीबाणी' किंवा 'सार्वजनिक सुरक्षितता' ही अट लागते, कलम ६९ मध्ये ती अटच नाही, आणि कुठल्याही गुन्ह्याचा तपास हे कारणही चालतं. म्हणजे दार बरंच रुंद आहे. २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने केंद्राने दहा यंत्रणांना हे अधिकार दिले.

तिसरं, स्पायवेअर, फोनमध्येच घुसणारं सॉफ्टवेअर. इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात, पुढे सांगतो.

चौथं, कॅमेरे आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा. यासाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, त्यामुळे "कायदा मोडला" म्हणण्यात अर्थ नाही, "कुठल्या कायद्याखाली चाललंय ते सांगा" असं विचारायचं.

*थांबा, तपासा:* तुमच्या वाक्यात यातला एकच प्रकार आहे ना? दोन असतील तर दोन वेगळी पत्रं. एका पत्रात चार विषय घातले की उत्तर सगळ्यात सोप्या विषयाचं मिळतं.

२. तुम्ही पक्षात कोण आहात ते बघा

साध्या सदस्याला पक्षांतरबंदी कायद्याची भीती दाखवतात, हसू येतं. तो कायदा म्हणजे घटनेची दहावी अनुसूची, आणि ती फक्त खासदार-आमदारांना लागू आहे. नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य यांच्यासाठी महाराष्ट्रात वेगळा १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम आहे. तुम्ही निवडून आलेले नसाल तर पक्ष तुमचं जास्तीत जास्त सदस्यत्व काढू शकतो.

निवडून आलेले असाल तर नीट वाचा. व्हीप, म्हणजे पक्षादेश, हा सभागृहातल्या मतदानाला आणि हजेरीला असतो, बोलण्याला नसतो. पण दुसरी एक खुंटी आहे, 'स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं', आणि सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच सांगितलंय की लेखी राजीनामा दिला नसला तरी वागण्यावरून हे ठरवता येतं. संयुक्त जनता दलाच्या शरद यादव यांचं राज्यसभा सदस्यत्व डिसेंबर २०१७ मध्ये गेलं, त्यात विरोधकांच्या सभेला व्यासपीठावर जाणं हा मुख्य मुद्दा होता. म्हणून टीका कितीही कडक करा, पण विरोधकांच्या मांडवात जाऊन करू नका. सभागृहातली आयुधं मात्र सत्ताधारी आमदारालाही तेवढीच खुली आहेत, तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अशासकीय विधेयक (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं). मनीष तिवारींनी २०११ मध्ये, काँग्रेसचं सरकार असताना आणि स्वतः काँग्रेसचे खासदार असताना, गुप्तचर यंत्रणांवर संसदेची देखरेख आणणारं अशासकीय विधेयक लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण त्यांना कुणी पक्षातून काढलंही नाही, पुढच्या वर्षी ते मंत्री झाले. "आपल्या सरकारविरुद्ध विधेयक कसं मांडणार" असं विचारणाऱ्या आमदाराला हे उदाहरण सांगत जा.

पदाधिकारी असाल तर अजून एक बघायचं, प्रवक्ता आहात का. प्रवक्त्याचं वैयक्तिक मत असं काही नसतं, लोकांच्या लेखी तरी. मग आधी ते पद बाजूला ठेवा.

आणि पक्षाची घटना वाचा. बहुतेकांनी उभ्या आयुष्यात वाचलेली नसते. नोंदणीकृत पक्षांच्या घटना निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असतात. शिस्तभंगाचं कलम काढा, शब्द बघा, बहुतेक ठिकाणी "पक्षाच्या अंतर्गत बाबी जाहीरपणे मांडणे" यासारखं काहीतरी असतं. सरकारचा आदेश ही पक्षाची अंतर्गत बाब नव्हे, आणि हा फरक तुम्हाला पुढे नोटिशीच्या उत्तरात लागणार आहे, आत्ताच खूण करून ठेवा.

३. कागद जमवा (सगळ्यात जास्त वेळ इथे द्या)

माझा हिशोब असा की एकूण मेहनतीतली निम्मी इथे गेली पाहिजे. लोक इथे एक दिवस देतात आणि मग महिनाभर खुलासे करत बसतात.

आधी नियम समजून घ्या, कारण तुमची सगळी टीका नियमावर उभी राहणार. टॅपिंगचा आदेश केंद्रात गृहसचिव देतो, राज्यात गृह खात्याचा सचिव. आदेश साठ दिवस चालतो, वाढवत वाढवत एकशे ऐंशी दिवसांपर्यंत. तातडीच्या वेळी वरिष्ठ पोलीस अधिकारी आधी सुरू करू शकतो पण सात कामकाजाच्या दिवसांत वरून मान्यता नाही आली तर बंद करावं लागतं. प्रत्येक आदेशाची प्रत आढावा समितीकडे जाते, केंद्रात कॅबिनेट सचिव अध्यक्ष, राज्यात मुख्य सचिव, आणि समितीने दोन महिन्यांत निदान एकदा बसायचं. समितीत सगळे सरकारी अधिकारी, न्यायाधीश कुणी नाही, विरोधी पक्षाचा कुणी नाही.

आता आकडा. डेटा संरक्षणावरच्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलंय की केंद्राच्या आढावा समितीपुढे दर बैठकीला पंधरा ते अठरा हजार आदेश येतात. दोन महिन्यांतून एक बैठक, त्यात इतके आदेश. पंधरा हजार कागद नुसते उलटायला किती वेळ लागेल ते घरी एकदा हजार पानांचा गठ्ठा उलटून बघा, वाचणं सोडाच. मी एका बैठकीत हेच केलं होतं, मतदार यादीचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हटलं एका दिवसात यातलं प्रत्येक नाव तपासून सही करा. भाषणापेक्षा तो गठ्ठा जास्त बोलला.

मग कोर्टाचं. तीन पुरेत, जास्त नकोत. १९९६ चा पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) निकाल, ज्यातून टॅपिंगच्या प्रक्रियेचे नियम आले. २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, नऊ न्यायाधीशांचा, खासगीपणा हा मूलभूत हक्क, आणि तो मोडायचा तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आणि आपल्या मुंबई हायकोर्टाचा ऑक्टोबर २०१९ चा निकाल, ज्यात लाचेच्या प्रकरणात एका उद्योजकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश कोर्टाने रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं, कारण सार्वजनिक सुरक्षिततेची अट तिथे बसत नव्हती. हा तिसरा सगळ्यात उपयोगी, कारण त्यात कुणी देशभक्त-देशद्रोही असा वाद घालू शकत नाही, साधं भ्रष्टाचाराचं प्रकरण होतं आणि तरीही कोर्ट म्हणालं प्रक्रिया पाळा.

माहिती अधिकार. इथे दहातले आठ अर्ज फुकट जातात. "अमुक व्यक्तीचा फोन टॅप होतो का" असं विचारलं की कलम ८ लावून परत, आणि गुप्तचर यंत्रणेलाच विचारलं तर कलम २४ लावून परत. अर्ज गृह विभागाला करा आणि फक्त संख्या मागा: अमुक वर्षात किती आदेश दिले, किती आदेशांना मुदतवाढ दिली, आढावा समितीच्या किती बैठका झाल्या आणि कुठल्या तारखांना, समितीने किती आदेश नियमबाह्य ठरवले. नाव नको, नंबर नको, कारण नको. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प लावा, तीस दिवस थांबा, नाहीतर पहिलं अपील. नकार आला तरी तो कागदच आहे, "बैठकांच्या तारखासुद्धा सांगत नाहीत" हे वाक्य त्या नकारामुळे सिद्ध होतं. कॅमेऱ्यांच्या बाबतीत काम सोपं आहे, टेंडरची कागदपत्रं बऱ्याचदा जाहीरच असतात, यंत्रणा काय काय करू शकते ते त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि शेवटचा कागद, जो माझ्या मते हुकमाचा: आपला पक्ष विरोधात असताना यावर काय बोलला होता. सभागृहातली भाषणं, जाहीरनामा, पत्रकं. प्रत्येक पक्ष कधीतरी विरोधात होता आणि प्रत्येकाने तेव्हा टॅपिंगवर आरडाओरडा केलेला आहे, याला अपवाद मी तरी बघितला नाही. एका पानाच्या डाव्या बाजूला तेव्हाचं वाक्य तारखेसकट, उजव्या बाजूला आत्ताचा आदेश तारखेसकट. मधे तुमचा एकही शब्द नको.

*सावधान:* पक्षात असल्यामुळे पोलीस खात्यातले ओळखीचे असतात आणि कुणीतरी "हे बघ" म्हणून खरा आदेशच मोबाइलवर पाठवतो. तो पुढे पाठवू नका, छापू नका. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून जिवंत आहे आणि तो कागद मिळवणाऱ्यालाही लागू होतो. थेट वकिलाकडे जा.

*अजून एक:* स्वतःच्या फोनमध्ये स्पायवेअर आहे असा संशय असेल, किंवा कंपनीकडून तशी सूचना आली असेल, तर फोन रीसेट करू नका आणि लगेच पोस्टही टाकू नका. रीसेट केलात की पुरावा गेला. पेगॅसस या इस्रायली स्पायवेअरच्या प्रकरणाच्या वेळी सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीकडे २९ फोन तपासायला आले, त्यातल्या पाचांत काहीतरी मालवेअर सापडलं पण ते पेगॅससच आहे असं समितीला ठामपणे सांगता आलं नाही. तज्ज्ञांची ही गत, तर तुम्ही "माझ्या फोनमध्ये सरकारने घुसवलंय" हे नाव घेऊन कशाच्या जोरावर म्हणणार? म्हणायचं असेल तर एवढंच म्हणा, "मला सूचना आलीय, सरकारने हे सॉफ्टवेअर विकत घेतलं का याचं हो किंवा नाही उत्तर द्यावं". अधिकाऱ्याचं नाव घेऊन आरोप केला आणि सिद्ध नाही झाला तर बदनामीचं कलम, नव्या न्याय संहितेत ३५६, तुमची वाट बघतंय.

४. मागणी अशी लिहा की झाली की नाही ते कळेल

"लोकशाहीचं रक्षण व्हावं" ही मागणी मान्य करायला कुणालाच अडचण नाही, म्हणूनच ती निरुपयोगी. मंत्री म्हणेल हो, व्हावं. टाळ्या. पुढे काय?

बघा, हे आम्ही एकदा पत्रात लिहिलं होतं: "सरकारने नागरिकांच्या खासगीपणाचा आदर करावा आणि पाळतीच्या प्रकारांना आळा घालावा." उत्तर आलं, सरकार खासगीपणाचा आदर करतेच. संपलं. दुसऱ्या वेळी लिहिलं: "गृह विभागाने मागील तीन वर्षांत दिलेल्या आदेशांची वर्षनिहाय संख्या ३१ मार्चपर्यंत विधिमंडळासमोर ठेवावी." याचं उत्तर 'ठेवली' किंवा 'ठेवली नाही' एवढंच असू शकतं.

मागण्या तीनच ठेवा. मी सुचवेन ते असं: संख्या दरवर्षी जाहीर करा, आढावा समितीत निवृत्त न्यायाधीश घ्या, आणि ज्याच्यावर पाळत ठेवली आणि काहीच सापडलं नाही त्याला ठराविक काळानंतर कळवायची तरतूद करा. तिसरी लगेच मान्य होणार नाही, पण वाटाघाटीत सोडायलाही काहीतरी लागतं की.

*थांबा, तपासा:* मागणीत कर्ता आहे का (कोणी करायचं), तारीख आहे का, मोजता येतं का? आणि अजून एक कसोटी, हीच मागणी उद्या दुसऱ्या पक्षाचं सरकार आलं तर तुम्ही अशीच्या अशी कराल का? "तेव्हाचं वेगळं होतं" असं मनात आलं तर पत्र फाडा, पहिल्यापासून लिहा.

५. माणसं जमवा, पण कुठली ते बघून

एकट्याचं पत्र म्हणजे नाराजी, पाच जणांचं पत्र म्हणजे मत. पण पाचांत एक जरी असा असला ज्याचं तिकीट नुकतंच कापलंय, तर अख्खं पत्र त्याच्या नावाने ओळखलं जातं, "अहो तो नाराज गट". आमच्या पत्राचं पहिल्यांदा हेच झालं. सही करणारा माणूस भला होता, मुद्दा त्याला मनापासून पटला होता, पण तीन महिन्यांपूर्वी त्याला उमेदवारी नाकारली होती, आणि वरच्या मजल्यावर पत्र पोचायच्या आधी ही माहिती पोचली.

एक जुना निष्ठावंत हवाच, ज्याने आयुष्यात काही मागितलेलं नाही. एक वकील आघाडीतला, एक तरुण, एक महिला पदाधिकारी, आणि जमलं तर निवृत्त पोलीस किंवा लष्करातला कुणीतरी, कारण 'देशाची सुरक्षा' हा मुद्दा निघाला की उत्तर त्यांनी द्यायचं, तुम्ही नाही.

वेळ. तिकीटवाटपाच्या तोंडावर नको, मंत्रिमंडळ विस्ताराच्या आधी तर मुळीच नको, सगळे समजणार की दबावतंत्र आहे. अधिवेशनाच्या महिनाभर आधीची वेळ बरी, आमदारांना प्रश्न द्यायला वेळ मिळतो.

मसुदा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. आमच्या सात जणांच्या ग्रुपवर टाकलेला मसुदा चहा संपायच्या आत जिल्हा कार्यालयात होता, आणि तोही कच्चा, ज्यात एक शब्द असा होता जो आम्ही नंतर काढणार होतो. तो काढायचा शब्दच दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला. कागदावर प्रिंट काढा, समोरासमोर बसा, सह्या घ्या, उरलेल्या प्रती परत घ्या.

६. पत्र द्या, पोच घ्या

पायरी पायरीने जायचं, तालुका, जिल्हा, प्रदेश. वरची पायरी आधी गाठली की खालचा दुखावतो आणि पहिली तक्रार तोच करतो. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही, शिक्का.

जिल्हा कार्यालयात तुम्हाला काय ऐकायला मिळेल ते सांगतो. कार्यालय प्रमुख पत्र घेईल, न वाचता ड्रॉवरमध्ये टाकेल, म्हणेल "साहेबांना देतो हो, पोच कशाला, आपण काय परके आहोत का". इथेच लोक विरघळतात. हसत म्हणायचं, "परके नाही म्हणून तर इथे दिलं, सही करा". नाहीच केली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती म्हणजे पोच. पत्रात उत्तरासाठी मुदत लिहा, तीस दिवस पुरे.

७. बैठकीत ठराव मांडताना

ठराव विषयपत्रिकेवर आधी लेखी दिलेला असावा, 'ऐनवेळचे विषय' मध्ये मांडलात तर सगळे पिशव्या उचलून निघालेले असतात. सूचक एक, अनुमोदक दुसऱ्या तालुक्याचा. बोलायला पाच मिनिटं, त्यातलं पहिलं वाक्य मागणीचं.

चार मुद्दे हमखास अंगावर येतात. "लपवायचं काही नसेल तर घाबरता कशाला?" यावर तत्त्वज्ञान नको, आपल्याच माणसांवर आणा: उद्या सत्ता गेली की हीच यंत्रणा, हेच अधिकारी, आणि यादीत आपण. सभागृह शांत होतं, कारण प्रत्येकाच्या डोळ्यापुढे कुणीतरी येतं.

"विरोधकांच्या हातात कोलीत देताय." उत्तर असं की कोलीत आधीच पेटलंय, आपण विझवायला बघतोय. ज्यांना इतिहास चालतो त्यांना दोन सालं सांगा: १९८८ मध्ये कर्नाटकात रामकृष्ण हेगडेंना टॅपिंगच्या आरोपांवरून मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, आणि १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणाचे दोन पोलीस सापडल्यावरून काँग्रेसने हात काढला आणि चंद्रशेखर सरकार गेलं. दाबलेला विषय सरकारलाच भोवतो हे यापेक्षा थोडक्यात सांगता येत नाही.

"देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे." हे निवृत्त पोलिसाकडे सोपवा. त्याने फक्त एवढंच म्हणायचं, आम्ही टॅपिंग बंद करा म्हणत नाही, किती झालं ते मोजून सांगा म्हणतोय, आणि आकड्याने अतिरेक्याला काही कळत नाही.

"आत्ताच का?" याला पोच दाखवा, आत्ता नाही, अमुक तारखेपासून मागतोय.

*सावधान:* तुमचा ठराव बहुतेक वेळा फेटाळत नाहीत, मऊ करतात. "माहिती द्यावी" चं "माहिती घ्यावी" होतं, तारीख गळते, "योग्य ती कार्यवाही" घुसते. इतिवृत्त लिहिणारा कोण ते बघून त्याच्या शेजारी बसा. हे चेष्टेने सांगत नाहीये.

८. जाहीर बोलायची वेळ आली तर

मुदत संपली, स्मरणपत्र दिलं, त्यालाही पंधरा दिवस झाले, तर बोला. पण त्यात सरकारचा आदेश किंवा यंत्रणा यावर बोला, बैठकीत कोण काय म्हणालं यावर अजिबात नाही, ती खरोखर अंतर्गत बाब आहे आणि शिस्तभंगाचं कलम तिथेच अडकवतं. स्वतःच्या नावाने सही करून लेख लिहा. टीव्हीच्या चर्चेला जाऊ नका, तिथे तुमच्या तोंडून "मुख्यमंत्री खोटं बोलतात का, हो की नाही" वदवून घेतात आणि खाली पट्टी फिरते 'घरचा आहेर'. "सूत्रांच्या माहितीनुसार" म्हणून निनावी बातमी पेरणं तर सगळ्यात वाईट, बातमी तुमची आहे हे तासाभरात कळतंच, शिवाय पळपुटेपणाचा शिक्का.

पदाचा राजीनामा हा वेगळा विषय, आणि लोक तो पक्षाच्या राजीनाम्याशी एक करून टाकतात. जर्मनीतलं उदाहरण मला फार आवडतं. साबीने लॉइथॉयसर-श्नारनबेर्गर कायदामंत्री होत्या, घरांत छुपे माइक लावून बोलणं ऐकायला परवानगी देणाऱ्या कायद्याला त्यांचा विरोध, पण त्यांच्याच फ्री डेमोक्रॅटिक पक्षाच्या सदस्यांनी बाजूने कौल दिला. त्यांनी १९९६ मध्ये मंत्रिपद सोडलं, पक्ष सोडला नाही, पक्षातल्याच सहकाऱ्यांना घेऊन घटनात्मक कोर्टात गेल्या आणि २००४ मध्ये त्या कायद्याचा मोठा भाग घटनाबाह्य ठरला. २००९ मध्ये त्याच पक्षाकडून पुन्हा कायदामंत्री. आठ वर्षं कोर्टाची वाट बघायची तयारी असेल तर पद सोडा, नसेल तर पदावर राहून पत्रं लिहीत राहणं जास्त कामाचं.

९. नोटीस आलीच तर

मुदतीत उत्तर द्या, सात दिवस म्हटलं तर सहाव्या दिवशी. उत्तर एक पान, भावना शून्य. अमुक तारखेला पत्र दिलं (पोच क्रमांक), अमुक तारखेला ठराव मांडला, अमुक तारखेला स्मरणपत्र, त्यानंतर अमुक लेख लिहिला ज्यात सरकारी आदेशावर मत आहे, पक्षाच्या अंतर्गत बाबींचा उल्लेख नाही. सोबत पक्षाची जुनी भूमिका जोडा, ते दोन बाजूंचं पान आठवतंय ना, ते. "मी तीस वर्षं सतरंज्या उचलल्या" हे लिहू नका, खरं असलं तरी. कोर्टात धाव घ्यायच्या आधी वकिलाला विचारा, पक्षाच्या सदस्यत्वाच्या वादात कोर्ट सहसा फार हात घालत नाही, घातलाच तर पक्षाने स्वतःची घटना पाळली का एवढं बघतं.

आणि नोटीस नाही आली, काहीच नाही आलं, जे बहुधा होतं, तर? पुढच्या बैठकीचा पहिला विषय कायम 'मागील बैठकीचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो आणि सगळे त्यावर "कायम, कायम" म्हणत चहा घेत असतात. तिथे हात वर करायचा. आमच्या ठरावाचं "माहिती घ्यावी" झालं होतं, मी तेवढंच विचारलं, "अध्यक्षमहोदय, घेतली का माहिती?" नाही म्हणाले. म्हटलं मग 'घेतली नाही' असं आजच्या इतिवृत्तात लिहा. पुढच्या बैठकीत परत तेच विचारलं. चौथ्या वेळी प्रदेश कार्यालयातून दोन ओळींचं पत्र आलं, विषय गृहमंत्र्यांकडे पाठवला आहे, खाली जावक क्रमांक आणि तारीख. तो जावक क्रमांक टाकून गृह विभागाला माहिती अधिकाराचा नवा अर्ज केलाय, तीस दिवस अजून व्हायचेत.